हंबीरमामांचा हिरवा ठिपका

हंबीरमामांना ‘न्हाय’ म्हणता येत नाही, ही गोष्ट आमच्या भागातल्या दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना पाठ होती, आणि सगळे तिचा यथाशक्ती फायदा घेत. मामा पाण्याचे चावीवाले. टी अक्षरासारखी लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते सायकलवरून गल्लोगल्ली फिरायचे. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत घालून फिरवायची, की त्या गल्लीला पाणी. एवढी सत्ता हातात आल्यावर दुसरा एखादा माणूस मिशीला पीळ देत फिरला असता. मामांचं उलटं. कुणी दारात चहाचा कप पुढं केला, की तो पिऊन होईपर्यंत चावी बंद करायचं त्यांच्या जिवावर यायचं. कुणाकडं बारसं, कुणाकडं पाहुणे, कुणाची म्हातारी आजारी. सगळ्या गल्लीत कायम काहीतरी असायचंच.

त्यांच्या पत्नी बनाबाई म्हणायच्या, “उद्या कुणी म्हणालं, मामा, बायको द्या जरा पाणी भराय, तर ह्यो माणूस म्हणंल, व्हय की, न्या, पर सांजच्याला आणून सोडा.”

भीड भिकेची बहीण, असं म्हणतात. मामांच्या घरी ती जन्मभर पाहुणी म्हणून राहिली आणि जायचं नावच काढेना.

मामा निवृत्त झाले, हार पडला, चावी जमा करून घेतली. खांदा मात्र एका बाजूनं कललेला तसाच राहिला. त्या कललेल्या खांद्यानंच ते आमच्या कामात आले.

आमचं काम म्हणजे भूकंपाचं. कुरुंदवाडला शिकलेल्या माझ्यासारख्या माणसानं गावाकडं हे सांगितलं, तर पहिला प्रश्न यायचा, “म्हंजे? भूकंप करायचं?” करायचा नाही. कधी येणार तेही सांगायचं नाही, ते कुणालाच सांगता येत नाही. कोयनेचा धक्का बसला तेव्हा इकडं फळीवरची भांडी खाली आली होती, हे म्हातारी माणसं अजून सांगतात. तसा किंवा त्याहून मोठा आला, तर शहरातल्या कुठल्या गल्लीत काय होईल, हे आधीच शोधून नकाशावर मांडायचं, एवढंच काम. एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या पूर्णिमा मॅडमनी ते हाती घेतलं होतं. नकाशा कॉम्प्युटरवर काढायला मी होतो.

त्याला दोन गोष्टी लागायच्या. एक, खालची जमीन कशी आहे. मुरूम-खडक जवळ असला की जमीन थोडक्यात हादरून गप्प बसते. काळी माती खोलवर असली की हेलकावे मोठे बसतात आणि लवकर थांबत नाहीत. दुसरी, वरचं घर कसं आहे. खांब किती, भिंती कुठं, कुठला मजला मागाहून चढवलाय. दोन्ही मिळून घराला रंग द्यायचा. हिरवा म्हणजे बरं. पिवळा म्हणजे बघायला हवं. लाल म्हणजे इंजिनिअर बोलवा आणि घराला आधार द्या, आजच.

सांगायला सोपं. पण गल्लीत शिरलो की लोक विचारायचे, “रस्ता रुंद कराय आलाय का?” नाही म्हटलं की, “घरपट्टी वाढवाय?” तेही नाही म्हटलं की जवळ येऊन, हळू आवाजात, “भाऊ, त्या यंत्रात गुप्तधन दिसतंय व्हय?” एका बाईंनी तर आम्हाला पायरीवरूनच परत घालवलं आणि वर पायरी धुऊन घेतली.

मग कुणीतरी मॅडमना म्हणालं, हंबीरमामांना घ्या. मामा आले आणि दारं उघडली. ज्यानं इतकी वर्षं पाणी दिलं, त्याला उंबऱ्यावर कोण अडवणार? आम्ही त्यांच्या मागून शिरायचो.

आमच्याकडं जमिनीची थरथर ऐकणारं एक यंत्र होतं. तीन पायांचं, डब्याएवढं. ते जमिनीवर ठेवायचं आणि आसपास शांतता ठेवायची. हे यंत्र ज्यानं कुणी बनवलं, त्यानं कोल्हापूर पाहिलेलं नव्हतं. इथं शांतता पाळा हे सांगायचं तरी ओरडून सांगावं लागतं. पहिल्याच दिवशी मामा गल्लीच्या मधोमध उभे राहिले आणि गरजले, “ए, गप बसा रं समदी! जमीन बोलायलीया!” गल्ली गप्प झाली. यंत्रात मात्र जमिनीऐवजी मामाच उमटले होते. मॅडम हसून हसून खाली बसल्या आणि मामा संध्याकाळपर्यंत कुजबुजत बोलत राहिले.

त्यांना मोबाइलवर बटण दाबून रंग द्यायला शिकवलं, तेव्हा मला काळजी होती. हा माणूस कुणाच्या तोंडावर लाल म्हणेल? पहिले काही दिवस ते नुसतेच घाम पुसायचे. मग एका घरी चहा झाला, भडंग झालं, निघताना मालकानं विचारलं, “मग? आमचं घर एक नंबर की न्हाय?” मामांनी कप खाली ठेवला. “पावणं, घर चांगलं हाय. घरातली माणसं त्याहून चांगली हायत. पर वर पैलवान आन खाली काडीपैलवानाचं पाय, असं झालंया. लाल पडतंय.”

मालक आधी रागावला, मग घाबरला, आणि महिन्याभरात इंजिनिअर घेऊन आला. त्या दिवशी बनाबाईंनी शेवयांची खीर केली. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “आज आमच्या घरात ‘न्हाय’ जन्मलं.”

त्यानंतर मामा सुटलेच. ओळखीपाळखीचे, ज्यांच्याकडं हजारदा चहा प्यायलेले, सगळ्यांना हात जोडून लाल म्हणत गेले. मामांचं घर आहे राजारामपुरीत. तिथं शेजारच्यालाही सोडलं नाही. मॅडम म्हणायच्या, “मामांचा रंग म्हणजे पक्का रंग.” हे ऐकलं की ते चष्मा काढून पुसायचे. जन्मभर त्यांना सगळे चांगला माणूस म्हणाले होते. खरा माणूस असं पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं.

आणि मग नदीकडच्या उताराची ती गल्ली आली.

त्या गल्लीत गणपतरावांचं घर. गणपतराव म्हणजे मामांचे व्याही. मामांची एकुलती एक लेक संयोगिता तिथं दिलेली. वर दोन मजले राहायला आणि खाली सोफा-कपाटांचं दुकान. गणपतराव मनानं मोठे आणि आवाजानं त्याहून मोठे. शेजाऱ्याशी गुपित बोलले तरी पलीकडच्या गल्लीला कळावं असा गळा. लग्नात त्यांनी हुंडा तर सोडाच, आहेरही परत केला होता. “पोरगी दिली तुमी, आनि काय ऱ्हायलं?” असं मांडवात सगळ्यांसमोर म्हणाले होते. त्या वाक्याच्या ओझ्याखाली मामा तेव्हापासून वाकलेलेच होते.

शिवाय मामांच्या घरातली एक जुनी रीत. नातवंड होईपर्यंत बापानं लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. साऱ्या भागाला पाणी पाजणारा माणूस लेकीच्या दारात तहानलेला बसायचा. विहीणबाई चिमणाबाई तांब्या-फुलपात्र आणून ठेवायच्या, मामा हात जोडायचे, तांब्या आत जायचा. गणपतराव हसायचे. “पावणं, आमच्या टाकीत विष न्हाय हो! आन टाकी भरती कुणाच्या पुण्याईनं? चावीवाल्याची लेक घरात हाय, आमची टाकी कधी रिकामी न्हाय.”

ते खरंच होतं. गच्चीवर काँक्रीटची थोरली टाकी, कायम काठोकाठ. मामांच्या जागी आलेला चावीवालाही गुरूच्या व्याह्यांची गल्ली सांभाळून असायचा.

त्या दिवशी मी यंत्र घेऊन गल्लीच्या टोकाच्या मैदानात बसलो होतो. मामा एकटेच व्याह्यांकडं गेले. तिथं काय झालं, ते मला पुढं त्यांनीच सांगितलं.

पूर्वी दुकानाच्या जागी तीन खोल्या होत्या. संयोगिताचं लग्न झाल्यावर गणपतरावांनी भिंती पाडून सगळा हॉल मोकळा केला. आजवर मामा तिथं पाहुणे म्हणून बसले होते; आज तपासायला म्हणून उभे राहिले आणि त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. डोळे मिटून त्यांनी जुनं घर आठवलं. मग विचारलं, “पावणं, मधलं खांब?”

“काढलं की!” गणपतराव म्हणाले. “सोफा रस्त्यावरनं दिसंना झालता. दोन्ही काढलं आन वर हे लोखंड घातलं. मिस्त्री म्हणाला, हत्ती नाचीवला तरी हालत न्हाय. कसं हाय? आता तुमीच तपासणार, म्हंजे घरचंच सर्टिफिकेट!”

वरच्या जिन्यावरून संयोगिता खाली आली. तिला सहावा महिना होता. “आबा,” म्हणाली आणि हसली. चिमणाबाईंनी रीतीप्रमाणे तांब्या आणला. मामांनी रीतीप्रमाणे हात जोडले.

खाली काळी माती. वर दोन मजले आणि भरलेली टाकी. मधले खांब गायब. दुसऱ्या कुणाचं घर असतं, तर मामांनी उंबऱ्यातच लाल म्हटलं असतं. पण लेकीच्या सासऱ्याला, ज्यानं आहेर परत केला त्याला, तिच्या बापानं तोंडावर म्हणायचं की तुमचं घर पडेल? उद्या भांडणात कुणी म्हणालं, तुझ्या बापानं आमचं घर गल्लीत नासवलं, तर ते पोरीला आयुष्यभर ऐकावं लागेल. मामा मोबाइलच्या पडद्याकडं बघत उभे राहिले. गणपतराव त्यांच्या खांद्यावरून डोकावत होते.

मामांनी हिरवं दाबलं.

“बघा!” गणपतराव इतक्या जोरात म्हणाले, की मैदानात माझ्या यंत्राला ते कळलं असावं.

संध्याकाळी नकाशावर ठिपके भरताना त्या गल्लीत लाल-पिवळ्यांच्या रांगेत एक हिरवा उगवलेला दिसला. मी म्हणालो, “मामा, व्याह्यांचं घर सोन्याचं दिसतंय! आम्हालाबी असा सासरा बघा की.” मामा हसले नाहीत. उन्हानं शिणले असतील, असं मला वाटलं.

त्यानंतर माणूस बदलला. कामावर निघायचे ते वाट वाकडी करून, व्याह्यांच्या घरासमोरच्या पानपट्टीपाशी थांबून. पानपट्टीवाला सांगायचा, मामा पान खात नाहीत, नुसते दुकानाच्या छताकडं बघत उभे असतात. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला की डोळे मिटून घेतात. मला ते आडवळणानं विचारायला लागले.

“आपल्यात एखाद्याचं घर चुकून हिरवं पडलं, तर यंत्राला कळतंय?”

“न्हाय मामा. यंत्राला जमीन कळते, घर आपण सांगायचं.”

“म्हंजे खोटं बोललं तर नकाशा तसाच खोटा?”

“तसाच. पण रंगीत.”

“न्हाय, माझ्या एक वळखीचा हाय, त्यो विचारत होता.”

सगळा भागच मामांच्या ओळखीचा, त्यामुळं मी शंका घेतली नाही.

मग त्यांनी एक पळवाट काढली. एका दुपारी व्याह्यांकडं गेले आणि म्हणाले, पोरीला बाळंतपणाला आत्ताच नेतो. गणपतरावांना काही कळेना. “सातवा लागू दे, डोहाळजेवण होऊ दे, मग न्या की. गडबड काय हाय? इकडं काय जेवायला कमी पडतंय का?” मामा वर छताकडं बघत राहिले.

संयोगितानं त्यांना जिन्याखाली गाठलं. हे मला तिनंच सांगितलं.

“आबा, तुमी माझ्याकडं बोलताय आणि स्लॅबकडं बघताय. काय झालंय?”

बापानं लेकीला जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं, तर आता कुठून म्हणणार? सगळं सांगून टाकलं. ती पायरीवर बसली.

“म्हंजे मला इथनं उचलून न्यायचं. आणि ह्यांनी? आत्तींनी? मामंजींनी? त्यांनी इथंच झोपायचं?”

“तसं न्हवं बाळ...”

“तसंच आहे. तुमी सांगणार, का मी सांगू?”

“तू नगं सांगू. तुज्यावर बालंट यायचं. मी सांगतो.”

“कधी?”

“सांगतो की.”

मामांचं ‘सांगतो की’ म्हणजे काय, हे त्यांच्या लेकीइतकं कुणाला माहीत असणार? ती त्यांच्याबरोबर गेली नाही. म्हणाली, “तुमी खरं सांगस्तोवर मी इथनं हलत न्हाय. मग बघू तुमास्नी झोप कशी लागती ती.” मामांना झोप तशीही लागत नव्हती. बनाबाई विचारून थकल्या. मामा म्हणायचे, पित्त झालंय.

सांगायला ते रोज निघायचे. पानपट्टीपर्यंत पोचायचे. गणपतराव दुकानातून हात करायचे, “या पावणं, आत या!” आणि तो मोठा, मोकळा, प्रेमळ आवाज ऐकला, की मामांच्या तोंडातला शब्द घशात परतायचा. मग हात हलवून, कामाचं निमित्त सांगून निघायचे. त्या काळात त्यांनी दुसऱ्यांची घरं मात्र कमालीच्या कडकपणानं बघितली. भिंतीला केसाएवढी चीर दिसली तरी मालकाला बसवून समजावून सांगायचे. एकदा मी म्हणालो, “मामा, आज लईच तापलाय.” ते म्हणाले, “मला तापायचा काय अधिकार हाय रे,” आणि पुढं चालायला लागले.

आता मॅडमनी गल्लीगल्लीत नकाशा दाखवायच्या बैठका सुरू केल्या. त्या गल्लीची बैठक तालमीच्या हॉलमध्ये ठेवली होती. भिंतीवर पांढरी चादर, तिच्यावर नकाशा, खाली सतरंजीवर सगळी गल्ली. माइक मामांकडं. ज्याला बोलायचं त्याला नेऊन द्यायचा.

गणपतराव पहिल्या रांगेत. शेजारी चिमणाबाई, मागं संयोगिता. गेल्या काही दिवसांत आपल्या घराचा रंग त्यांनी गल्लीत एवढ्यांदा सांगितला होता, की नकाशा बघायच्या आधीच सगळ्यांचं बोट त्या हिरव्या ठिपक्याकडं गेलं.

मॅडमनी लाल म्हणजे काय ते समजावलं. हादरे बसले की आधी मैदानात पळा, म्हणाल्या. पण नंतरचे दिवस? पाऊस असला तर? म्हातारी माणसं, लहान पोरं, बाळंतीण यांना रात्रंदिवस उघड्यावर ठेवता येत नाही. गल्लीत एक तरी भक्कम छत हवं, जिथं या सगळ्यांना आणता येईल. “तुमच्याकडं असं कुठलं आहे?”

गणपतराव उठले. त्यांना माइक लागत नाही, तरी मामांनी दिला.

“ह्यात इचारायचं काय? गल्लीत हिरवं एकच हाय. आमचा खालचा हॉल मोकळा हाय, दोन्ही खांब काढून लांबलचक केलाय. सोफंबी तयार हायत झोपाय! म्हाताऱ्या माणसांनी, पोराबाळांनी, समद्यांनी आमच्याकडं यायचं. जेवण आमच्या घरातनं. काय वो पावणं? तुमीच तपासलंय घर!”

टाळ्या पडल्या. लोकांनी मनापासून वाजवल्या, कारण गणपतरावांनी ते मनापासूनच म्हटलं होतं. खांबांचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मॅडमच्या आलं. त्यांचा हात चादरीवरच थांबला आणि त्या मामांकडं बघायला लागल्या.

त्यांनी विचारायच्या आत मामांनी व्याह्यांच्या हातातला माइक काढून घेतला. माइक किंचाळला.

“तिकडं कुणी जाऊ नगासा,” मामा म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. एकजण हसला.

“ते घर लाल हाय. मधलं खांब न्हाईत, वर टाकीचं वजन हाय, खाली माती हाय. मला दिसलं हुतं. मी हिरवं घातलं.” मग म्हणाले, “पोरीचं सासर हाय म्हणून घातलं. पोरगी तिथंच झोपती, तरीबी घातलं.”

एवढ्या दिवसांत आम्हाला हवी होती ती शांतता कोल्हापुरात पहिल्यांदा तेव्हा झाली. यंत्र मात्र ऑफिसात होतं.

गणपतराव ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले. त्यांचा आवाज एवढा बारीक असू शकतो, हे गल्लीला पहिल्यांदाच कळलं.

“पावणं, माझ्या दारात येऊन पाणी न पिता जात हुता. मी म्हटलं, रीत असंल. खरं पन बोलायचं न्हाय, हीबी रीतच व्हय?” त्यांनी मागं वळून लोकांकडं पाहिलं. “ह्या समद्यांची पोरं मी बोलवत हुतो आत.”

मामा उभे होते. माइक चालूच होता, त्यातून त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी जाऊन तो काढून घेतला.

लोक पांगल्यावर मामा मॅडमसमोर हात जोडून उभे राहिले. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. चिडल्या नाहीत. “मामा, सांगितलंत ते बरं झालं,” म्हणाल्या. मग चादर काढता काढता, “पण आता तुमची सगळीच घरं परत बघावी लागतील.”

“समदी?”

“एक खोटं असेल, तर बाकीची खरी आहेत हे मी कशाच्या जोरावर सांगू?”

व्याह्यांच्या बोलण्यापेक्षा हे त्यांना जास्त लागलं असावं. मॅडमनी दुसरा माणूस नेमला आणि मामांनी स्वतः होऊन त्याच्याबरोबर फिरायचं ठरवलं. ज्या दारांत त्यांनी हात जोडून लाल म्हटलं होतं, त्याच दारांत परत. लोक विचारायचे, “का वो मामा, परत?” आणि मामा प्रत्येक ठिकाणी कारण सांगायचे. कुणी मागितलं नव्हतं, तरी पूर्ण सांगायचे. मी म्हणालो, “मामा, नुसतं फेरतपासणी म्हणा की.” ते म्हणाले, “आता कुठं बोलाय शिकलोय, ते परत इसरू व्हय?”

सगळी घरं बघून झाली. एकाचाही रंग बदलला नाही. मला वाटलं, आता तरी हा माणूस सरळ चालेल. त्यांना मी आनंदानं सांगायला गेलो, “मामा, बाकी सगळी बरोबर निघाली!”

मामा चष्मा पुसत बसले. “म्हंजे समद्या गावाला खरं सांगितलं,” म्हणाले, “आन पोरीच्या घराला तेवढं खोटं.”



गणपतरावांनी इंजिनिअर आणला तो बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी, ही गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगितली पाहिजे. इंजिनिअरनं आधी टाकी रिकामी करायला लावली, सोफे बाहेर काढले आणि छताला लोखंडी टेकू दिले. जिथं खांब होते, तिथं नवे खांब उभे करायचं ठरलं. सगळं कुटुंब तेवढ्यापुरतं शेजारी भाड्यानं राहायला गेलं. संयोगिता सातव्यात माहेरी आली, रीतसर, डोहाळजेवण करून. चिमणाबाईंनी ओटी भरली, विहिणीशी चार शब्दही बोलल्या. गणपतराव मात्र मामांशी बोलत नव्हते. समोर आले की मान वळवून घ्यायचे. गल्लीतल्या कुणी मामांना नावं ठेवली, की तेवढं बोलायचे, “आमच्या घरचं आमी बघू. तू तुझ्या घराचा रंग बघ आधी.”

मामा तरी रोज जायचे. आता पानपट्टीपाशी नाही, थेट दुकानात. टेकूंच्या मधे पाणी मारायचं, सिमेंटची पोती सरकवायची, मिस्त्रीच्या हाताखाली कललेल्या खांद्यानं घमेली द्यायची. गणपतराव खुर्ची टाकून बसलेले असायचे. दोघांत शब्द नाही. मिस्त्री वैतागून मला म्हणाला, “एकाला काही इचारलं की दुसऱ्याकडं बघतोय, दुसऱ्याला इचारलं की छताकडं. ह्यांचं बांधकाम मी कसं करू?”

नव्या खांबांत काँक्रीट भरलं त्या दिवशी मी तिथं होतो. ऊन मरणाचं. मामा घमेली देऊन देऊन घामानं भिजले होते आणि तोंडाला मात्र कोरड पडली होती. भिंतीला टेकून बसले. टाकी बंद, म्हणून दारात पाण्याचं पिंप ठेवलं होतं. गणपतराव खुर्चीतून उठले, पिंपात तांब्या बुडवला आणि मामांसमोर येऊन उभे राहिले.

मामांनी सवयीनं हात जोडले. “अजून नातवंड व्हायचं हाय, पावणं.”

“ते हुईल तवा हुईल,” गणपतराव म्हणाले. किती दिवसांनी त्यांचा आवाज परत मोठा झाला होता. “रीतीचं नाव सांगून गप बसायची सवय लागलीया तुमास्नी. प्या.”

मामांनी तांब्या घेतला. थोडं पाणी शर्टावर सांडलं. त्यांना ‘न्हाय’ म्हणता आलं नाही, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच झालं. अर्धा तांब्या पिऊन ते थांबले आणि त्यांची नजर आपोआप वर, छताकडं गेली.

गणपतरावांनीही वर बघितलं.

“हिरवं कवा म्हणायचं?” त्यांनी विचारलं.

“मी न्हाय म्हणायचं,” मामा म्हणाले. “दुसऱ्या कुणाला तरी बोलवा.”